मागच्या सीटवरचे ओरखडे: एका कुत्र्याच्या प्रवासाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या घरात माणसं तीन: नवरा, बायको आणि नवऱ्याची आई. चौथा मोती. हे नाव बदललेलं आहे. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत. गाडी, कुत्रा आणि घेतलेले निर्णय मात्र जसे होते तसेच ठेवले आहेत. मी कुत्र्यांच्या वर्तनावर काम करते आणि या घराने मला एका अगदी साध्या प्रश्नासाठी बोलावलं होतं.

मोती पाच वर्षांचा, लॅब्रेडॉरच्या वळणाचा, वजन २८ किलोच्या आसपास. वरचे केस आखूड आणि ताठ, खाली मऊ लोकरीसारखा दुसरा थर. गाडी सेडान, म्हणजे डिकी बंद आणि बसायच्या जागेपासून वेगळी. मागची सीट ६०:४० अशी दुमडणारी, तिच्यावर फिकट रंगाचं रेक्झिन आणि बसायच्या भागात बारीक छिद्रं. अशी छिद्रं हवा खेळती राहावी म्हणून असतात, पण त्यांतून पातळ पदार्थही तितक्याच सहज खाली जातात. पुढे या छिद्रांमुळे बरंच काही घडलं.

दर पंधरवड्याला हे सगळे आजींच्या जुन्या घरी जात. रस्ता सुमारे तीन तासांचा, त्यातला शेवटचा तास वळणांचा. नवरा गाडी चालवायचा, बायको त्याच्या शेजारी. मागे आजी आणि मोती.

अडचण

मी पाहिली तेव्हा सीटची अवस्था वाईटच होती. रेक्झिनवर लांब ओरखडे, काही ठिकाणी वरचा पापुद्रा उचकटलेला. दाराकडची कडा घासून खरखरीत झालेली. पुढच्या सीटच्या पाठीवरही नखांच्या रेघा. केस तर सगळीकडे, सीट बेल्टच्या बकलच्या खाचेतसुद्धा. गाडी उन्हात उभी राहून तापली की आंबूस वास यायचा. वासावर त्यांनी सुगंधी फवारा मारला होता, त्यामुळे आता दोन वास येत होते.

कव्हर नव्हतं असं नाही. हेडरेस्टला इलॅस्टिकने अडकवायचं, आत कापूस भरून चौकटी चौकटीत शिवलेलं एक कव्हर त्यांनी घेतलं होतं आणि त्याच्या वेष्टनावर पाणी रोखण्याचा दावाही होता. कापडाला पाणी रोखणारा थर होताच. पण अशा शिवलेल्या कव्हरला टाक्यागणिक सुईचं भोक असतं, आणि प्रवासात मोतीला झालेली उलटी त्या टाक्यांच्या रेषेतून खाली झिरपली होती. तिथून रेक्झिनच्या छिद्रांत, तिथून फोममध्ये. वरून पुसलेली सीट कोरडी दिसायची आणि वास कायम राहायचा, याचं कारण हे.

नवऱ्याचं मत ठरलं होतं: मोतीला यापुढे प्रवासात न्यायचं नाही. बायकोला ते मान्य नव्हतं. तिचं म्हणणं, कव्हर चुकीचं निवडलं गेलं. मला विचारलेला प्रश्नही तोच होता. “कोणतं कव्हर घ्यायचं, एवढंच सांगा.”

पाहणी: पहिला निर्णयाचा टप्पा

कव्हरचं नाव सांगून मोकळं होता आलं असतं. पण नुकसान नेमकं कधी आणि कशाने होतं हे या घरात कोणी सांगू शकत नव्हतं, कारण पुढे बसलेल्या दोघांची पाठ मागे असायची. म्हणून आधी गाडी उभी असताना मोतीला मागे बसवलं. इंजिन बंद होतं. तो एकदा वास घेऊन फिरला आणि सरळ आडवा झाला. ओरखडा एकही नाही. इंजिन सुरू केलं, तरी शांत. मग आम्ही जवळच एक फेरी मारली.

पहिल्याच वळणावर त्याचे पुढचे पाय फाकले आणि त्याने नखं रोवली. ब्रेक लागला तसा तो कव्हरसकट पुढे घसरला, पुढच्या सीटवर आपटला आणि मागचा एक पाय सीटखालच्या मोकळ्या जागेत गेला. तिथून वर येण्यासाठी त्याने सीट खरवडली. रेक्झिनवरचे ओरखडे पुन्हा नीट पाहिले तेव्हा ते जवळपास सगळे गाडीच्या लांबीच्या दिशेने, एकमेकांना समांतर होते. कंटाळलेला किंवा बेचैन कुत्रा एकाच जागी उकरतो, तिथे गोलसर, दाट खुणा उमटतात. या रेघा घसरण्याच्या होत्या.

सीटची बैठक मागच्या बाजूला उतरती आणि मऊ असते. माणसाच्या मांड्यांना ती बरी, चार पायांवर उभ्या प्राण्याला नाही. त्यावर गुळगुळीत, सरकतं कव्हर घातलं की कुत्र्याकडे नखं रोवण्यापलीकडे काही उरत नाही.

दुसरी गोष्ट आजींकडून कळली. त्या म्हणाल्या, “वळणं लागली की आधी जांभया देतो. मग ओठ चाटत बसतो, लाळ गळायला लागते आणि एकदम गप्प होतो. तो गप्प झाला की मी कागद हातात घेते.” गाडी लागणाऱ्या कुत्र्याची लक्षणं इतकी अचूक मला पशुवैद्यकाबाहेर क्वचितच कोणी सांगितली आहेत. आजींना हे कित्येक महिने माहीत होतं. विचारलं कोणी नव्हतं. मोती गाडीत “सुस्त” होतो, त्याला झोप येते, असं बाकी दोघं समजत होते.

म्हणजे सीटच्या नुकसानाची कारणं दोन होती: कुत्र्याला धड उभं राहता येत नव्हतं, आणि त्याला मळमळत होतं. ही दोन्ही तशीच ठेवून कितीही भारी कव्हर आणलं असतं तरी ते फार टिकलं नसतं. पहिलं जसं निकामी ठरलं तसंच दुसरंही ठरलं असतं.

पुढे आलेले पर्याय

मोतीला घरी ठेवणं किंवा सांभाळणाऱ्यांकडे सोडणं. हा पर्याय वाईट नाही, काही कुत्र्यांसाठी तोच बरा. पण दर पंधरवड्याला दोन रात्री वेगळं राहणं मोतीला जड जाई, हे घराने आधी अनुभवलं होतं.

पूर्ण झोळीचं कव्हर. हे मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही हेडरेस्टना बांधतात, त्यामुळे मधली पाय ठेवायची जागा झाकली जाते. कुत्रा एकटाच मागे बसणार असेल तर मी बहुतेक वेळा इथूनच सुरुवात करते. इथे अडचण उघड होती: आजी कुठे बसणार? शिवाय मऊ तळाची झोळी २८ किलोच्या वजनाने मध्ये खचते आणि ब्रेक लागला की कुत्रा त्या खोलगटात जातो. पुढून येणारी गार हवाही अशा पडद्याने अडते. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो, तेव्हा मध्ये जाळी नसलेली झोळी उन्हाळ्यात मी नाकारतेच.

पिंजरा. सुरक्षिततेच्या दृष्टीने पक्का बांधलेला, मजबूत पिंजरा उत्तम. मागे मोकळी डिकी असलेल्या गाडीत मी त्याचाच आग्रह धरला असता. सेडानच्या मागच्या सीटवर एवढ्या कुत्र्याचा पिंजरा आणि आजी दोन्ही मावत नव्हते.

घट्ट बसणारी शिवलेली कव्हरं सगळ्या सीटना करून घेणं. नवऱ्याला हा पर्याय आवडला होता, कारण गाडी छान दिसली असती. पुढच्या सीटच्या बाहेरच्या बाजूला एअरबॅगची खूणपट्टी होती. अशा सीटमधली एअरबॅग सीटची शिवण फाडून बाहेर येते. तिच्यावरून घट्ट कव्हर शिवलं तर ती उशिरा किंवा वाकडी उघडू शकते. काही गाड्यांत मागच्या सीटलाही त्या असतात, म्हणून खूण मागेही पाहिली. मागे नव्हती. तरी हा पर्याय सोडला, कारण त्याने मोतीचं घसरणं थांबणार नव्हतं.

मोतीला पुढच्या सीटवर बसवायचं, असंही एकदा बोलण्यात आलं. ते तिथल्या तिथे बाद केलं. समोरची एअरबॅग माणसाच्या छातीचा विचार करून बसवलेली असते. कुत्र्यासाठी ती जीवघेणी ठरू शकते.

शेवटी जो पर्याय उरला तो तुकड्यातुकड्यांचा होता: सीटचा मोठा भाग मोतीला, लहान भाग आजींना, मोतीच्या भागात पायाला आधार, अंगात हार्नेस, म्हणजे छाती-पाठीवर बसणारा पट्ट्यांचा साज, आणि या सगळ्याच्या आधी पशुवैद्यक.

काय केलं

सुरुवातीला प्रवास थांबवला. मळमळ आणि गाडी यांची सांगड कुत्र्याच्या मनात बसली की पुढे नुसतं दार उघडलं तरी लाळ सुटते. प्रत्येक उलटीनिशी ती सांगड घट्ट होत जाते.

पशुवैद्यकांनी कान आणि पोट तपासलं. कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी यंत्रणा असते, म्हणून प्रौढ कुत्र्याला गाडी लागत असेल तर कान पाहणं महत्त्वाचं. पिल्लांमध्ये ही तक्रार जास्त दिसते आणि पुष्कळदा वयाबरोबर कमी होते. मोतीची झाली नव्हती. कान स्वच्छ निघाले. लांबच्या प्रवासासाठी त्यांनी मॅरोपिटंट हे औषध वजनाप्रमाणे लिहून दिलं. ते निघण्याआधी किमान दोन तास द्यायचं असतं. माणसांच्या गोळ्या अंदाजाने देऊ नका, असंही त्यांनी बजावलं, आणि ते मी इथे मुद्दाम नोंदवते. निघण्याआधी पोटभर जेवण देणं बंद झालं. पाणी मात्र चालू ठेवलं.

मग सफाई. फोमपर्यंत गेलेला वास वरून पुसून जात नाही. बैठक काढायची तर तिच्याखाली सीट बेल्टच्या सूचनेच्या, काही गाड्यांत एअरबॅगच्याही वायरी असतात, म्हणून ते काम गॅरेजमध्ये करून घेतलं. फोमवर एन्झाइमचं क्लीनर, म्हणजे वासाचं मूळ असलेली घाण विघटित करणारं द्रव्य, वापरलं. त्याचा नियम असा, की घाण जितकी खोल गेली तितकंच ते खोल जायला हवं आणि लेबलवर लिहिलेला वेळ ओलं राहायला हवं. त्याआधी जंतुनाशक मारलेलं असेल तर एन्झाइम निकामी होऊ शकतात. गरम पाणी किंवा वाफ वापरायची नाही, कारण उष्णतेने प्रथिनांचे डाग पक्के बसतात. लघवीवर ब्लीच तर कधीच नाही. त्यातून विषारी वायू तयार होतो. सगळ्यात वेळ लागला तो फोम आतपर्यंत वाळायला. तो ओला असताना बैठक बसवली असती तर बुरशीचा तिसरा वास आला असता.

ताठ केस व्हॅक्यूमला दाद देत नाहीत. ओलसर रबरी हातमोजा एकाच दिशेने ओढला की त्यांचे पुंजके होतात, मग ते उचलता येतात. बकलमधले केस सुक्या ब्रशने काढले. पाणी तिथे घालायचं नाही.

आता पाय. सीट सपाट करण्यासाठी नवऱ्याने प्लायवूडची फळी सुचवली. कल्पना समजण्यासारखी होती, फळीवर कुत्रा खरंच स्थिर उभा राहतो. मी नको म्हटलं. जोराचा ब्रेक किंवा टक्कर झाली तर न बांधलेली फळी गाडीत उडते, आणि शेजारी आजी बसलेल्या. त्याऐवजी घट्ट फोमचा पाचरीसारखा तुकडा बैठकीच्या उतारात बसवला आणि मोतीच्या बाजूची पाय ठेवायची जागा तसल्याच फोमच्या ठोकळ्याने भरली. पृष्ठभाग सलग झाला. आता त्याचा पाय कुठे अडकणार नव्हता.

या फोमवर कव्हर आलं, तेही दोन थरांत. खालचा थर मधोमध एकही शिवण नसलेला, पाणी पूर्ण रोखणारा. पाणी काही वेळ अडवणारं कापड आणि पाणी अजिबात न सोडणारं कापड यांत फरक असतो आणि लेबलवर तो पुसट केलेला असतो, म्हणून घरीच पाहिलं: खाली वर्तमानपत्र, वर कव्हर, त्यावर पेलाभर पाणी, अर्धा तास तसंच. कागद कोरडा राहिला. वरचा थर जाड सुती, पाय रुतेल असा, धुण्याजोगा. सुती थर खालच्याला चिकटपट्ट्यांनी जोडला, कारण तो सरकला तर सगळी मेहनत वाया. धुताना आधी केस काढायचे, गार पाणी, कापड मऊ करणारं द्रव्य नाही; त्याने पाणी रोखणारा थर कमकुवत होतो.

कव्हरच्या पाठीला न घसरणारी रबरासारखी जाळी होती. अशा काही जाळ्या उन्हात तापल्यावर फिकट रेक्झिनला चिकटतात आणि पिवळट डाग सोडतात. म्हणून तिचा तुकडा आधी सीटच्या मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर ठेवून पाहिला आणि मुक्कामी पोचल्यावर कव्हर काढून ठेवायचं ठरलं. सीटला हवाही लागते.

हार्नेस छातीला रुंद पट्टा असलेला घेतला आणि तो सीट बेल्टच्या बकलला आखूड पट्ट्याने जोडला. गळपट्ट्याला जोडायचं नाही, ब्रेक लागला की सगळा हिसका मानेवर येतो. बांधण्यामागे मुख्य हेतू जीव वाचवणं हाच. सीट वाचते ती त्यासोबत. बकलचं लाल बटण मोतीच्या पायाखाली येत होतं, ते पंजाने दाबलं जाऊ नये म्हणून वर एक कडक टोपण बसवलं. माणसाला ते क्षणात काढता येतं.

नखांकडे घराचं लक्ष नव्हतं. मोती बराचसा गुळगुळीत फरशीवर वावरायचा, त्यामुळे ती झिजतच नव्हती. कापली, पण नुकत्याच कापलेल्या नखाला धार असते आणि ते जास्त ओरबाडतं. प्रवासाच्या दोन-तीन दिवस आधी कापायची आणि कानशीने गोल करायची, असं ठरलं.

त्यानंतर सराव. बंद गाडीत बसणं, मग इंजिन चालू, मग घराभोवती एक चक्कर, मग थोडं लांब. जांभई किंवा ओठ चाटणं दिसलं की एक पायरी मागे. या सरावात पाहणीचं काम आजींकडे दिलं होतं आणि त्यांचा शब्द अंतिम होता. वळणावर वेग किती हे नवऱ्याच्या हातात होतं. त्याने वळणाआधी हळूहळू वेग कमी करायला सुरुवात केली, आणि माझ्या मते मोतीला त्याचा उपयोग औषधाइतकाच झाला.

निष्पत्ती

पहिल्या पूर्ण प्रवासात मोती सुरुवातीला उभा राहिला, पाय घसरत नाही असं लक्षात आल्यावर बसला आणि वळणांचा रस्ता लागण्याआधी आडवा झाला. आडवा कुत्रा सीट ओरबाडत नाही. नंतरच्या महिन्यांत सीटच्या बैठकीवर नवा ओरखडा आलेला नाही. लाळ अजून गळते, पण थोडी, आणि सुती थर ती शोषून घेतो. उलटी एकदा झाली. त्या दिवशी निघायला उशीर होईल असं वाटून कोणीतरी त्याला जेवू घातलं आणि मग सगळे लवकरच निघाले. खालच्या थराने ती अडवली; फोम कोरडा राहिला.

जुने ओरखडे तसेच आहेत. रेक्झिनचा पापुद्रा गेला की तो भरून येत नाही. रंग भरून झाकता येतो, इतकंच. केसही येतातच. ऋतू बदलताना खालची लोकर झडते तेव्हा प्रवासाच्या आदल्या दिवशी गाडीबाहेर केस विंचरणं हाच त्यावरचा खरा उपाय आहे.

एक नुकसान मात्र चालूच राहिलं. दाराकडच्या कडेवर मोती उडी मारून चढतो आणि तिथेच पुढचे पाय टेकतो. कव्हरची झालर तिथपर्यंत येते, पण तिच्यावर पाय पडला की ती आत दुमडते.

वेगळं काय करता आलं असतं

पैसे आणि वेळ सर्वांत जास्त कशात गेले, तर फोमच्या सफाईत. पहिल्या उलटीनंतर लगेच घट्ट भाग पुठ्ठ्याने उचलून, गार पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने टिपून घेतलं असतं आणि न चोळता एन्झाइम लावलं असतं, तर बैठक काढावी लागली नसती. घरच्यांनी ती उलटी ओल्या कापडाने जोरात चोळली, आणि छिद्रांच्या रेक्झिनवर चोळणं म्हणजे घाण आत ढकलणं.

पशुवैद्यकाची भेट कव्हरच्या खरेदीआधी व्हायला हवी होती. कव्हर हा लगेच हाती येणारा उपाय असल्याने बहुतेक घरी क्रम उलटा होतो, इथेही झाला.

कुत्रा कोणत्या दाराने चढणार हा प्रश्न मांडणी ठरवतानाच सोडवायला हवा, असं मला या प्रकरणानंतर प्रकर्षाने वाटतं. आजींना रस्त्याच्या कडेच्या बाजूला बसवलं, ते बरोबरच होतं. पण त्यामुळे मोतीचं दार वाहनांच्या बाजूला आलं. गाडी आवारात आत घेऊनच त्याला चढवायचं-उतरवायचं, हा नियम पाळला जातो. मध्ये थांबायचं झालं की मात्र जागा शोधण्यात वेळ जातो. जागा अदलाबदल करणं हाही एक मार्ग होता. आजींच्या गुडघ्यांसाठी तो सोडला आणि तो निर्णय मी आजही तसाच घेईन.

हार्नेसच्या पट्ट्याची लांबी हा आणखी एक मुद्दा. मोतीला मोकळं वाटावं म्हणून घराने आधी लांब पट्टा लावला. त्यात त्याचा पाय गुंतला आणि ब्रेक लागल्यावर तो पुढच्या सीटपर्यंत पोचत होता. बसता, झोपता आणि कूस बदलता येईल इतकी लांबी पुरते.

सध्या दाराकडच्या कडेसाठी ते दुमडता येणारी उतरती फळी (रॅम्प) वापरून पाहत आहेत. मोतीला तिच्यावर पाय ठेवायला अजून भरवसा वाटत नाही, म्हणून ती आधी घरात, जमिनीवर सपाट टाकून सराव चालू आहे. पाच वर्षांच्या कुत्र्याला उडीचं फार वाटत नाही. आणखी काही वर्षांनी खुबे दुखू लागतील तेव्हा ती फळी सीटपेक्षा त्याच्याच कामाची असेल, आणि सवय मात्र आत्ताच लावावी लागते.